जिचा आवाज, तिचा बॉल

३ जानेवारी

घरात व्हॉलीबॉलचा विषय काढला की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून आता लिहूनच काढायचं ठरवलं.

क्लबच्या मुलींचा संघ आजपासून माझ्याकडे. आधीचे सर गुडघ्यांपुढे हात टेकून मुलाकडे राहायला गेले. सेक्रेटरीने बस म्हणायच्या आधी अट सांगितली. या मोसमात उपांत्य फेरी गाठली नाही तर मुलींचा संघ बंद आणि हॉलची संध्याकाळची वेळ बॅडमिंटनवाल्यांना. मी म्हटलं, बंद कसा होतो तेच बघते. बोलून तर बसले!

हा संघ बंद पडला तर माझ्याकडे काय उरेल, हे मला माहीत नाही. खांदा निखळून माझं खेळणं संपलं त्याला किती वर्षं झाली, तरी संध्याकाळ झाली की कुठेतरी शिट्टी वाजतेय असं वाटतं. नवरा म्हणतो, तो शेजारच्यांचा कुकर असतो.

सात मुली आहेत, चौदा-पंधरा वर्षांच्या. त्यात एक माझी लेक. ती लिफ्टर, म्हणजे दुसरा बॉल उचलून मारणारीला देणारी. बाकीच्यांना मी नावं ठेवली आहेत, दोन्ही अर्थांनी. लंबू, वकील, भोंगा, चिमणी आणि दोघी जुळ्या. भोंगाचा आवाज पार रस्त्यावर ऐकू जातो. चिमणी सगळ्यात बुटकी, पण बॉल कुठेही पडो, ही आपली खाली हजर.

बॉल आला की घेणारीने "मी!" असं ओरडायचं, म्हणजे बाकीच्या बाजूला होतात. खेळातला हा पहिला धडा. आज लंबू आणि भोंगा एकदम "मी" ओरडल्या, एकमेकींवर आपटल्या, बॉल गेला तिसरीकडे, आणि सातही जणी खाली बसून पोट धरून हसल्या. बॉल पडला म्हणून हसतात! सरांनी पार लाडावून ठेवल्यात.

१० जानेवारी

उपाय सापडला, आणि तो माझ्या गोदामात होता.

कुरिअरच्या गोदामात मी सकाळच्या पाळीची सुपरवायझर. तिथे मी आल्या आल्या एक नियम केला होता. पार्सलला ज्याचा हात लागला, त्याचं ते. फुटलं, हरवलं, भिजलं, सगळं त्याच्या नावावर. तेव्हापासून फेकाफेकी बंद झाली. तोच नियम आज हॉलमध्ये आणला. जिचा आवाज, तिचा बॉल. "मी" म्हणून बॉल पाडलात, तर बाकीच्या सहा जणी हॉलला पाच फेऱ्या मारणार आणि पाडणारी मधोमध उभी राहून बघणार.

वकील लगेच पुढे. "मॅडम, चूक एकीची आणि पळायचं सगळ्यांनी?"

"संघ आहे ना? मग कळू दे एकीमुळे सहा जणींना काय होतं ते."

पहिलीच पाळी भोंगाची आली. पहिली फेरी होईपर्यंत ती दात काढत होती. तिसऱ्या फेरीला जुळ्यांपैकी एक तिच्याकडे न बघता शेजारून धापा टाकत गेली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. पाचव्या फेरीला रडायला लागली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एकमेकींसाठी रडल्याशिवाय जवळ येत नाहीत मुली. आम्ही नव्हतो का रडलो?

१७ जानेवारी

आज एकही फेरी नाही! मंगळवारी चार वेळा पळवलं, गुरुवारी एकदा, आज शून्य. इतक्या लवकर नियम लागू पडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आणि काय ती शांतता. नुसते बुटांचे आवाज. हॉल झाडणाऱ्या मावशी दार उघडून आत डोकावल्या. म्हणाल्या, "अगं बाई, आहात होय? मला वाटलं आज सुट्टी आहे." मी म्हटलं, मावशी, याला शिस्त म्हणतात. लेक माझ्याकडे बघत होती. तिलाही पटलं असावं.

२२ जानेवारी

गोदामात डोकं फिरलं. एक खोका एका बाजूने फाटलेला, आतली कसलीशी भुकटी बाहेर सांडतेय, आणि सोमवारपासून तसाच दाराच्या मध्ये पडून. सगळे त्याला वळसा घालून जातायत. विचारलं, तर म्हणे, "बाई, आमचा हात नाही लागला त्याला." शेवटी मीच उचलला. एवढे धट्टेकट्टे गडी आणि एक खोका उचलवत नाही. माणसांना झालंय तरी काय?

२५ जानेवारी

सरावाचा सामना. हरलो. नुसतं हरलो नाही, लाज गेली.

समोरचा संघ काही फार भारी नव्हता. त्यांनी फक्त बॉल दोघींच्या मध्ये टाकला. दोघी बघत उभ्या, बॉल मधोमध धप्प. पुन्हा तसाच टाकला, पुन्हा धप्प. भोंगाच्या पायापाशी पडला तो तर मी जन्मात विसरणार नाही. ती बॉलकडे बघत होती, लंबू तिच्याकडे बघत होती, आणि त्या समोरच्या पोरी हसत होत्या. मी बाकावरून ओरडत होते, "मी म्हणा! कोणीतरी मी म्हणा गं!" घसा बसला. कोणी म्हणेना.

परत येताना बसमध्ये सात जणी सात खिडक्यांशी बसल्या. मी आणलेली बिस्किटं पुढे केली. एकीने घेतलं, बाकीच्यांनी मान हलवली. घेतलं तेही पिशवीत ठेवलं.

मला काही कळेनासं झालंय. चुका कमी झाल्यात, मी स्वतः मोजल्यात. मग हरतो कशा?

२९ जानेवारी

विचार करून करून एक गोष्ट लक्षात आली. जबाबदारी कुणाची ते स्पष्ट नाही, म्हणून बॉल मध्ये पडतो. आज पिवळी चिकटपट्टी आणली आणि गुडघ्यांवर बसून अख्ख्या कोर्टाचे सहा चौकोन केले. जिचा चौकोन, तिचा बॉल. आता मध्ये असं काही उरलंच नाही. नवऱ्याला हॉलची ट्यूब बदलायला मीच बोलावलं होतं. पट्ट्या बघून म्हणाला, "वाटण्या झाल्या वाटतं भावाभावांच्या." त्याला काय जातंय बोलायला.

३ फेब्रुवारी

बॉल पट्टीवर पडला.

वकील म्हणाली, "लंबूचा, पट्टीचा जास्त भाग तिच्याकडे आहे." लंबू म्हणाली, पट्टी कुणाचीच नाही. जुळ्यांपैकी थोरली म्हणाली, पट्टी लावली मॅडमनी, म्हणजे मॅडमना विचारा. दोघी जुळ्या एकमेकींशी भांडल्या. एका ताटात जेवणाऱ्या मुली! मी शिट्टी फुंकून फुंकून थकले.

तेवढ्यात पुढच्या बॉलला चिमणी आपला चौकोन सोडून पार पलीकडे धावली आणि लंबूच्या चौकोनातला बॉल जमिनीला टेकता टेकता उचलला. सुरेख उचलला, खोटं कशाला लिहू. पण नियम म्हणजे नियम. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझा होता का तो?" ती म्हणाली, "नाही मॅडम." "मग तुझा चौकोन कोण सांभाळत होतं?" ती परत जाऊन आपल्या चौकोनात उभी राहिली. नंतरचा सगळा वेळ तिथेच उभी होती, बॉल आला तर घ्यायचा, नाही तर नाही. अगदी शहाण्यासारखी.

८ फेब्रुवारी

पहिला सामना हरलो. गटात आता दोन सामने उरले, दोन्ही जिंकायलाच हवेत. सेक्रेटरी मोजपट्टी घेतलेल्या दोन बॅडमिंटनवाल्यांना हॉल दाखवत होता. माझ्यासमोर! मी तिथे उभी असताना!

घरी जेवताना लेकीला म्हटलं, भात वाढू का. ती म्हणाली, "नको मॅडम."

नवऱ्याने घास हातातच धरला. म्हणाला, "ही मॅडम, तर मी कोण? हेडमास्तर?" कोणी हसलं नाही. लेक ताट घेऊन उठली. मी मोरीत नळ मोठा सोडून रडले. काय करू मी? कुणासाठी करतेय हे सगळं? माझ्या हातातून सगळं निसटत चाललंय आणि मी जितकं घट्ट धरते तितकं जास्त निसटतंय.

१० फेब्रुवारी

नासका आंबा शोधायचाच, असं ठरवून गेले. संघात एक कुणीतरी बिघडलेली असते, तिच्यामुळे बाकीच्या बिघडतात. जाळ्या आणि चटया ठेवायच्या खोलीत एकेकीला बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "खरं सांग. या संघात कोण नको? तुझं नाव बाहेर जाणार नाही."

लंबू आधी आली. बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी."

मला वाटलं, नाटक करतेय. हाकलली बाहेर. भोंगा आली. जिचा आवाज रस्त्यावर जायचा, तिचा आवाज मला पुढे वाकून ऐकावा लागला. "मी, मॅडम." वकील, जी वाक्याला पूर्णविराम देत नाही, ती एका शब्दात उत्तर देऊन उठली. "मी." चिमणी तेच. जुळ्या वेगवेगळ्या आल्या, तेच. शेवटी माझी लेक. तिला म्हटलं, निदान तू तरी आईशी खरं बोल. ती चटईची कड उसवत होती. म्हणाली, "मीच. मला काढ."

म्हणजे सगळ्या मिळून ठरवून आलेल्या! माझी टिंगल! बॉल घेताना जो शब्द तोंडातून निघत नाही, तो इथे बरोबर निघतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, एवढी एकी कट करताना दाखवता, तर कोर्टावर दाखवा. पंधरा फेऱ्या. पळाल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

पक्क्या आहेत हं, असं मनात आलं.

१५ फेब्रुवारी

जिंकलो. त्यांच्या दोन चांगल्या मुली तापाने आल्याच नव्हत्या, पण जिंकलो ते जिंकलो. शेवटचा गुण झाल्यावर मी टाळ्या वाजवत कोर्टावर धावले. सात जणींनी एकमेकींशी हात मिळवले, कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखे, आणि बाटल्या उचलून गेल्या. मी मधोमध टाळ्या वाजवत उभी. हळूहळू वाजवणं थांबवलं.

रविवारी शेवटचा सामना. तो जिंकलो तर संघ राहतो.

२० फेब्रुवारी

चिमणी मंगळवारी आली नाही, काल आली नाही. आज गोदामातून सुटून तिच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिची आई शिलाई मशीनवर पडदे शिवत होती. चिमणी आतून बाहेर आलीच नाही.

तिची आई पाय न थांबवता बोलत होती. "खेळायचं नाही म्हणते. मी आले की सगळ्यांना पळावं लागतं, म्हणते. आणि तुम्ही विचारलंत म्हणे, कोण नको. तिने स्वतःचं नाव दिलं. दिलंय तर मग जाऊ कशाला, म्हणते." मग मशीन थांबवली. "बाई, तुम्ही बाकीच्यांना सांगितलं नाहीत ना? तेवढ्याचीच भीती आहे तिला. त्यांना कळलं तर त्या म्हणतील, बरोबरच आहे."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी ठरवूनच..." आणि पुढचं वाक्य तोंडात अडकलं.

घरी आले तर लेक बूट पुसत होती. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी ठरवून सांगितलंत ना मला?"

"काय ठरवून?"

"तेच. कोण नको विचारल्यावर, सगळ्यांनी 'मी' म्हणायचं."

तिने बूट खाली ठेवला. "सगळ्यांनी? भोंगाने पण?"

"सगळ्यांनी."

"चिमणीने? चिमणीने मी म्हटलं? आई, ती सगळ्यात भारी खेळते!" तोंड वेडंवाकडं झालं तिचं. "मला वाटलं मी एकटीच. मला वाटलं सगळ्यांनी माझं नाव दिलंय, आणि म्हणून कोणी माझ्याशी बोलत नाहीये."

एका पायात बूट, एका पायात चप्पल, अशी ती धावत खाली गेली. सायकल काढल्याचा आवाज आला. मी जिन्यात उभी राहिले. हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू? सात पोरी, सात घरांत, दहा दिवस हेच उराशी धरून बसल्या होत्या, आणि मी त्यांना पंधरा फेऱ्या पळवलं. देवा, मी काय करून ठेवलंय हे.

२१ फेब्रुवारी

हॉलचं कुलूप काढायला गेले तर सातही जणी पायरीवर बसलेल्या. चिमणी मध्ये. मला बघून उठल्या. मी रात्रभर जुळवलेलं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात वकील म्हणाली, "मॅडम, आमचं एक म्हणणं आहे. उद्या तुम्ही बाकावर बसू नका."

"मग कोण बसणार?"

"कोणी नाही. सामन्याच्या कागदावर कोचऐवजी सही कॅप्टनची चालते. मी नियम वाचलेत." वाचणारच ती.

मी एकेकीकडे बघितलं. वाटलं, एक तरी मान खाली घालेल. लेकीकडे शेवटी बघितलं. तिनेही मान खाली घातली नाही.

चुकलं म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, "ठीक आहे. मग बघा जमतंय का." चावी त्यांच्या हातात दिली आणि चालायला लागले. रस्त्यावर आल्यावर मनात आलं, हरू देत. हरल्या की कळेल. स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल असं मनात आलं, आणि ते मी इथे लिहून ठेवतेय.

२२ फेब्रुवारी

सगळ्यात वरच्या पायरीवर, खांबाआड बसले. नवरा शेजारी. पहिल्यांदाच आला सामन्याला.

सुरुवातीला पाच गुणांनी मागे होत्या. माझे हात आपोआप शिट्टीकडे जात होते, नवऱ्याने ती काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग समोरचीने बॉल मध्ये टाकला, नेहमीसारखा, आणि भोंगाने असा काही "मी!" ठोकला की पंचांनीसुद्धा वळून बघितलं. बॉल तिच्या हाताला लागून बाहेर गेला. गुण गेला. कोर्टावरच्या बाकीच्या पाचही जणी तिच्याकडे धावल्या, पाठीवर थापा मारल्या आणि जागेवर गेल्या. बस, एवढंच. पुढच्या बॉलला तिघी एकदम "मी" म्हणाल्या.

चिमणी तर कुठे नव्हती? दोनदा ती अक्षरशः लंबूच्या पायांखालून निघाली. तिसऱ्या सेटला माझ्या लेकीने उचललेला बॉल लंबूने मारला तेव्हा मी उभी राहून ओरडत होते, कोणाला ऐकू जात नव्हतं.

जिंकल्या. संघ राहिला.

एकमेकींवर पडून रडत-ओरडत होत्या. मी पायऱ्या उतरून कडेला गेले. आत जावं की नाही, कळेना. तेवढ्यात सेक्रेटरी दोन्ही हात पसरून आला. "मॅडम! काय शिस्त लावलीत! बाकावर कोणी नाही तरी यंत्रासारख्या खेळल्या. याला म्हणतात तयारी. पुढच्या महिन्यापासून मुलांचा संघही तुम्हीच घ्यायचा. आणि तो फेऱ्यांचा नियम त्यांनाही लावा, ऐकलंय मी त्याच्याबद्दल."

मुलींचा आवाज बंद झाला. सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. आत्ता बोलायचं होतं. आत्ताच.

मी म्हटलं, "बघू."

लेकीने तोंड फिरवलं. बसमध्ये त्या मागच्या दोन बाकांवर सात जणी कोंबून बसल्या होत्या. मी पुढे, बॉलच्या जाळीशेजारी.

२३ फेब्रुवारी

गोदामात जायच्या आधी सेक्रेटरीच्या घरी गेले. गालाला साबण लावलेला, तसाच दारात आला. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हटलं, "तो नियम कुणालाही लावू नका. त्याने मुली मोडल्या. मी मोडल्या."

"मग जिंकल्या कशा?"

"मी बाहेर बसले म्हणून."

तो हसला. खो खो हसला. "मॅडम, तुम्ही पण ना! एवढा मोठेपणा बरा नाही." आणि आतून मुलांच्या संघाच्या कपाटाची किल्ली आणून माझ्या हातात दिली. मी ती त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. त्याने उचलून पुन्हा दिली. मी पुन्हा ठेवली. शेवटी त्याचा साबण वाळायला लागला तेव्हा त्याला कळलं की मी विनोद करत नाहीये. "मग मुलींचं काय? त्यांनाही सोडताय?"

"ते मी नाही ठरवणार," म्हटलं.

२४ फेब्रुवारी

आज मंगळवार, सरावाचा दिवस. गोदामातून लवकर आले. लेक पिशवी भरत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्याबाबतीत, चिमणीच्या, सगळ्यांच्या. आणि परवा सेक्रेटरीसमोर गप्प बसले, तेही. काल जाऊन सांगून आले त्याला."

"माहितीये. बाबांनी सांगितलं."

"मी येऊ का आज?"

तिने पिशवीची चेन लावली. अडकली, परत मागे घेतली, परत लावली.

"विचारून सांगते," म्हणाली.

"कोणाला?"

"सगळ्यांना, आई. कोणाला म्हणजे काय?"

गेली. सराव सहाला सुरू होतो. मी बूट घालून खुर्चीवर बसले आहे, फोन मांडीवर आहे. सहा वाजून गेलेत. अजून काही कळवलेलं नाही.